विशेष काही नाही

टिळकवाडीत, तिसऱ्या गेटाच्या अलीकडे,
पापड वाळवायच्या गच्चीखालच्या खोलीत
रात्री दीडला मी उत्तर पॅसिफिक उघडते.
खाली मालगाडी थांबलीय, लोंढ्याकडं तोंड करून.
गेटवर एक रिक्षावाला इंजिन बंद करून जांभई देतो.
माझ्यासमोर नऊशे अडुसष्ट मिलिबारचा खड्डा,
त्याच्याभोवती रेषा,
खानापूरच्या वखारीत कापलेल्या ओंडक्याला असतात तशा,
फक्त या तासातासाला सरकतात.

जहाजाचं नाव आल्डा मेरी. गहू, बावन्न हजार टन.
व्हँकुव्हरहून निघालंय, जायचंय कोबेला.
कप्तान ऑर्लांडो बौतिस्ता, इलोइलोचा.
त्यानं एकदा विचारलं होतं,
तुझ्या गावाहून समुद्र किती लांब?
मी लिहिलं, घाट उतरला की तीन तास.
हे नाही लिहिलं
की मी तो एकूण चार वेळा पाहिलाय,
आणि त्यातल्या एका वेळी ओहोटी होती.

जवळची वाट उत्तरेनं जाते, बेटांच्या कडेकडेनं.
नकाशावर वाकडी दिसते तीच खरी जवळची,
हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात.
मी लिहिते: वर जाऊ नका.
गुरुवारी तिथं लाट नऊ मीटर, तीही कुशीवर येणारी.
बेचाळीस अंशांच्या खाली या.
एकोणीस तास जास्त लागतील, तेल बावीस टन.
शेवटी कंपनीनं बांधून दिलेलं वाक्य:
हा केवळ सल्ला आहे. निर्णय कप्तानाचा.

मग वाट बघायची.

बाबा चहा आणतात. त्यांची झोप ड्रायव्हरकीनंच नेली.
बावीस वर्षं चोर्ल्यानं गोव्याला कोबी, गाजरं, ओली मिरची,
आणि दर रात्री कणकुंबीला गाडी कडेला घेऊन
मोनाप्पाच्या टपरीत एकच प्रश्न:
"पुढं कसं हाय रे?"
मोनाप्पा आधी ग्लास विसळायचा.
मग बाहेर जाऊन उभा राहायचा, नाक वर करून.
आत येऊन म्हणायचा, "जा."
नाहीतर, "ब्याड."
त्याच्या टपरीमागं चूळ भरली तर
ती मलप्रभेतनं पूर्वेच्या समुद्राला जाईल
का म्हादईतनं पश्चिमेच्या,
हे त्यालाही सांगता यायचं नाही,
असं बाबा म्हणतात.

एकदा तो ब्याड म्हणाला. बाबा थांबले.
पंचवीस क्विंटल कोबी रात्रभर टपरीपाशी उभा.
सकाळी कळलं, घाटात काही झालं नव्हतं.
दरड नाही, झाड नाही. धुकंसुद्धा बेताचं.
बाकीच्या गाड्या म्हापशात माल उतरवून मोकळ्या.
मालकानं दोन दिवसांचा पगार कापला.
"मग मोनाप्पाला काय म्हणालात?"
"काय म्हणणार? दुसऱ्या रात्री परत इचारलं,
पुढं कसं हाय."

गुरुवार.
खड्डा माझ्या हिशेबापेक्षा लवकर भरला.
वर लाट सहाची निघाली, फार तर साडेसहाची.
गव्हाच्या मालकाचा निरोप आलाय:
बावीस टनांचा खुलासा सहापर्यंत पाठवा.
मी लिहिते, खोडते. संभाव्यता हा शब्द
तीनदा लिहून तीनदा काढते.
न भेटलेल्या वादळाची पावती
कुठल्या रकान्यात भरायची?

साडेपाचला इकडं पहाट असताना तिकडची दुपार येते.
आल्डा मेरी. बेचाळीसच्या खाली. वेग साडेबारा.
शेरा: विशेष काही नाही.
आणि खाली, जिथं काही लिहायची जागाच नाही तिथं,
पोरांनी आज डेकवर कपडे वाळत घातलेत.

गेट उघडतं. रिक्षा दोनदा खोकून सुरू होते.
बाबा चष्मा कपाळावर ढकलून
पडद्याच्या अगदी जवळ येतात.
"कपडे?
मग ऊन हाय म्हण की तिकडं."